कातळावरच्या डबक्यांतली भावंडं

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ग्रॅनाइटच्या उघड्या कातळांवर पावसाळी डबकी साचतात. त्यांत जेमतेम काही सेंटिमीटर माती असते. एवढ्याशा जागेत आयसोएटिसच्या दोन दुर्मीळ जाती राहतात. दिसायला गवताची पाती, पण फूल नाही, बी नाही. पानाच्या बुडाशी बीजाणू. याच कुळातल्या वनस्पती आपल्या पाचगणीच्या पठारावरही आहेत.

आयसोएटिस मेलॅनोस्पोरा एकेकट्या झुबक्याने उगवते. तिचे मोठे बीजाणू ओले झाले की काळसर दिसतात. खरी ओळख त्यांवरूनच. आयसोएटिस टेजेटिफॉर्मान्सची तऱ्हा वेगळी. तिची पानं दोन ओळींत येतात आणि जमिनीलगतच्या खोडातून नवी रोपं फुटत जाऊन डबक्यात चटई पसरते. गंमत म्हणजे पहिलीचं वर्णन 1877 मध्ये झालं, तर दुसरीला नाव मिळायला 1978 उजाडलं!

उन्हाळ्यात डबकं कोरडं पडतं, कातळ तापतो. ते दोघींनाही सोसतं. सोसत नाही ते खाणकाम, गाड्यांची चाकं आणि हौशी पर्यटकांचे बूट. 1988 मध्ये अमेरिकेने दोन्ही जातींना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं.