नळी न कापता तिच्यातली भेग कशी शोधायची?

लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव बघितला असेल, तर आठवून बघा. व्यापारी ढिगातून दोन-चार कांदे उचलतो, मान दाबून बघतो, वास घेतो आणि भाव बोलतो. मागाहून थोडे सडके निघाले तरी त्याचं फार बिघडत नाही. आता समजा, ढिगातला एकही सडका कांदा सुटून चालणार नाही, कापून बघायची परवानगी नाही आणि ढिगाजवळ फार वेळ उभंही राहता येत नाही. अणुवीज केंद्रातल्या स्टीम जनरेटरची तपासणी साधारण अशीच असते.

आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये इंधनाची उष्णता घेतलेलं जड पाणी स्टीम जनरेटरच्या बारीक नळ्यांमधून फिरतं. नळ्यांच्या बाहेर साधं पाणी असतं, त्याची वाफ होऊन टर्बाइन फिरतं. किरणोत्सारी पाणी आणि स्वच्छ पाणी यांच्यामध्ये असते ती साधारण एक मिलिमीटर जाडीची भिंत. उष्णता पटकन जावी म्हणून ती पातळ हवी आणि दाब सोसावा म्हणून जाड हवी. अशा हजारो नळ्या.

नळ्या दगा देतात तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने तारापूरला बघितलं आहे. १९६९ मध्ये सुरू झालेली तिथली पहिली दोन युनिटं वेगळ्या प्रकारची, उकळत्या पाण्याची. त्यांत भट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जायची, शिवाय भट्टीतलं गरम पाणी ‘सेकंडरी स्टीम जनरेटर’मधून फिरवून आणखी वाफ मिळवायची, अशी दुहेरी रचना होती. या जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या. किरणोत्सारामुळे तिथे जाऊन दुरुस्ती करणं अवघड. शेवटी ते वापरातून बाजूला काढले आणि १९८० च्या दशकात प्रत्येक युनिटची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणावी लागली. दोन्ही मिळून १०० मेगावॉट कायमचे गेले!

मग भेग आधीच कशी पकडायची? सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे एडी करंट. बारावीतला फॅरडेचा नियम आठवा. नळीच्या आत छोटी कॉइल सरकवायची आणि तिच्यात बदलता विद्युतप्रवाह सोडायचा. नळीच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात. वाटेत भेग आली की त्यांना वळसा घ्यावा लागतो आणि कॉइलचा इम्पिडन्स किंचित बदलतो. आपण मोजतो तो हा बदल.

इथे खरी गंमत फेजमध्ये आहे. धातूत खोल जाताना हे प्रवाह क्षीण होतात आणि मागेही पडतात. एका स्किन डेप्थइतक्या खोलीवर ते सुमारे ५७ अंशांनी मागे असतात. त्यामुळे भेग आतल्या बाजूने सुरू झाली की बाहेरच्या, आणि किती खोल गेली, हे सिग्नलच्या कोनावरून काढता येतं. इन्कोलॉय-८०० या मिश्रधातूच्या नळीसाठी वारंवारिता ३०० किलोहर्ट्झ धरली, तर स्किन डेप्थ ०.९ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ भिंतीइतकीच. हे गणित स्वतः करून बघा. वारंवारिता अशी का निवडतात ते लगेच कळेल.

पण एक लक्षात घ्या. यंत्राला भेग दिसत नाही, व्होल्टेज आणि कोन दिसतो. ‘भिंत ४० टक्के खाल्ली गेली’ हे वाक्य कुठून येतं? तशाच धातूच्या नळीवर मुद्दाम ठरावीक खोलीच्या खाचा पाडतात, त्यांचे सिग्नल घेतात आणि त्यांच्याशी तुलना करतात. मशीनने पाडलेली सरळ खाच आणि गंजातून वाढलेली वेडीवाकडी, केसासारखी भेग सारखा सिग्नल देतील, हे आपण गृहीत धरलेलं असतं. दिशेचीही अडचण आहे. साध्या कॉइलचे प्रवाह नळीच्या घेराने फिरतात. भेगही घेराच्याच दिशेने असेल तर प्रवाह तिला जवळजवळ न अडता बाजूने निघून जातात. त्यासाठी फिरती कॉइल लागते, आणि तिला वेळ कितीतरी जास्त लागतो.

हा फरक किती महाग पडतो, त्याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट-२ चं. १५ फेब्रुवारी २००० रोजी तिथली एक नळी फुटली. चौकशीत १९९७ च्या तपासणीतला डेटा पुन्हा काढला, तर त्या नळीच्या वळणावर भेगेचा सिग्नल तेव्हाच नोंदलेला होता! पण तो नॉइजमध्ये दबलेला होता आणि विश्लेषणात सुटला. नळी तशीच सेवेत राहिली. पुढे चारही स्टीम जनरेटर बदलावे लागले.

मग जरा संशय आला की नळी बुजवून टाकावी, असं वाटेल. दोन्ही टोकांना प्लग ठोकला की ती नळी सेवेतून बाद. अमेरिकेत बऱ्याच केंद्रांनी त्यासाठी ४० टक्क्यांचा निकष वापरला. पण बुजवलेली प्रत्येक नळी उष्णता देणारं क्षेत्रफळ कमी करते. धडधाकट नळ्या भीतीपोटी बुजवत गेलात तर आपल्या हाताने वीज कमी कराल. म्हणून ‘माझी पद्धत भेग शोधते’ एवढ्यावर परीक्षक थांबत नाहीत. किती खोलीची भेग, शंभरांतून किती वेळा सापडते आणि भेग नसताना किती वेळा ओरड होते, हे विचारतात.

संशोधनाला जागा अजून भरपूर आहे. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर भट्टीच्या स्टीम जनरेटरमध्ये नळ्या चुंबकीय पोलादाच्या आहेत. त्यात स्किन डेप्थ इतकी कमी होते की साधी पद्धत बाहेरच्या बाजूपर्यंत पोचतच नाही. शिवाय तिथे नळीबाहेर द्रव सोडियम आहे, त्यात पाणी गळलं तर भडका. म्हणून इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने तिथे ‘रिमोट फील्ड’ पद्धतीवर काम केलं. त्यात सिग्नल घेणारी कॉइल दूर ठेवतात, म्हणजे भिंतीबाहेरून फिरून आलेलं क्षेत्र तिला मिळतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुरुवात करायची असेल तर एसीच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा, दोन सारख्या कॉइल, सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप एवढं पुरे. तांब्यात एक मिलिमीटर स्किन डेप्थ ४ किलोहर्ट्झच्या थोडं वर मिळते. पाइपवर बाहेरून करवतीने एक अर्धवट खाच पाडा आणि आतून कॉइल सरकवा. मग कॉइल नुसती जराशी हलवून बघा. त्या हलण्याचा सिग्नल बहुतेक वेळा खाचेपेक्षा मोठा येईल. तो वेगळा कसा करायचा, यावर डोकं लावा आणि जमलं तर कमेंटमध्ये लिहा.