फाइल जतन करतानाची एक सूचना

सन २०१४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. किरकोळ दुकानदारांकडील येण्याची यादी चिठ्ठ्यांवरून संगणकात उतरवावी, म्हणून मी ती ‘नोटपॅड’मध्ये मराठीतून टंकित केली. जतन करावयास गेलो, तो एक इंग्रजी चौकट पुढे उभी राहिली. वैतागून मी ‘ओके’ दाबले. पडद्यावर अक्षरे जशीच्या तशी दिसत होती. सबब निश्चिंत होऊन मी चिठ्ठ्या फाडून टाकल्या. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! रकमा इंग्रजी आकड्यांत होत्या, तेवढ्या शाबूत राहिल्या. किती येणे हे ठाऊक, कोणाकडून ते नाही.

त्या काळी नोटपॅड नवी फाइल ‘आन्सी’ पद्धतीने जतन करू पाही. तीत प्रत्येक चिन्हास एकच बाइट, म्हणजे फार तर २५६ चिन्हांस जागा. आमच्या यंत्रावर ती इंग्रजी व पश्चिम युरोपीय अक्षरांनी व्यापलेली होती. देवनागरीस तेथे स्थान नाही. ज्या चिन्हास जागा नाही, त्याच्या ठायी प्रश्नचिन्ह लिहिले जाते, आणि सर्व प्रश्नचिन्हे सारखीच असल्याने मूळ अक्षर परत मिळत नाही. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट मिळतात व काहीही गळत नाही.

गंमत अशी, की उपाय त्याच चौकटीच्या उत्तरार्धात लिहिलेला होता. मी तो वाचलाच नव्हता. ‘कॅन्सल’ दाबावे. मग ‘सेव्ह ॲज’ची खिडकी उघडून तळाशी ‘एन्कोडिंग’ या शब्दापुढील यादीतून ‘यूटीएफ-८’ निवडावे आणि जतन करावे. एकदा असे केले, की त्या फाइलीपुरती ती सूचना पुन्हा येत नाही. २०१९ साली आलेल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपण होऊनच यूटीएफ-८ मध्ये ठेवतो. मात्र पूर्वीची आन्सी फाइल उघडून तीत मराठी नावे घातल्यास एन्कोडिंग अवश्य पाहावे. चूक होऊनही फाइल अद्याप बंद केली नसेल, तर पडद्यावरील मजकूर तत्काळ यूटीएफ-८ मध्ये जतन करावा, तो वाचतो.

माझ्या यादीचे म्हणाल, तर बिलांच्या स्थळप्रतींशी रकमा ताडून आणि प्रश्नचिन्हे मोजून (काना-मात्रेसही एकेक पडते) बहुतेक नावे लागली. तीन रकमांचे धनी मात्र अद्याप सापडलेले नाहीत.