पोटखराब्यांतील छपरी

शेताच्या कडेला पडून राहिलेली जुनी छपरी दिसली म्हणजे जाणाराचें पाऊल क्षणभर थबकतें, हा बहुतेकांचा अनुभव आहे. पाहण्याजोगें तेथें कांहींच नसतें. वासा खचलेला, कुडाची माती गळालेली आणि दारापाशीं तण माजलेलें. तरी मन तेथें रमतें. असें कां व्हावें, आणि त्यापासून शेतकऱ्यानें कांहीं बोध घ्यावा काय, याचा विचार अप्रस्तुत होणार नाहीं.

महसुली दप्तराची दृष्टि या बाबतींत रोकठोक आहे. खातेदाराचें शेतघर व खळें यांखालील जागा पोटखराबा वर्ग 'अ' यांत धरतात. म्हणजे ती लागवडीस अयोग्य व आकारणींतून वगळलेली. ज्याची उमर असे उतारे लिहिण्यांत गेली, त्यास या शब्दांतील विपर्यास जाणवल्यावांचून राहत नाहीं. जेथें बियाणें राखलें, बैल बांधले, पावसाची सर बसून काढली, त्याच जागेस कागदावर 'खराबा' हें नांव!

मुंबईच्या उपनगरांतील कांजूरमार्ग येथील खाडीकांठचीं मिठागरें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. मीठ हेंही एक पीकच होय. पावसाळा सरला कीं आगरी बांध दुरुस्त करितात. उधाणाच्या भरतीचें पाणी आंत घेऊन तें एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवितात. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हानें आटत आटत पाणी बोमे मापाच्या सुमारें २५ अंशांस पोंचलें, म्हणजे मिठाचा खडा धरूं लागतो. पहिल्या पावसापूर्वीं रास रचून ती शाकारावी लागते. या कामास जळण लागत नाहीं. ऊन, वारा व मनुष्याचे हात एवढेंच भांडवल.

अशा आगरावर निवाऱ्याची छपरी लागतेच. खारानें लोखंडी खिळा गंजतो, भिंतीस लोणा लागतो, पण लांकूड बराच काळ टिकतें. पावसाळ्याचे चार महिने ती रिकामीच असते. परंतु तिला कोणी ओसाड म्हणत नाहीं, कारण माणसें आश्विनानंतर परतणार हें ठाऊक असतें. रिकामी व ओसाड यांतील भेद एवढाच कीं, एकीची वाट पाहणें संपलेलें नसतें. पडक्या छपरीकडे मन ओढतें तें मला वाटतें याचमुळें. ती अजून कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी भासते.

मात्र काम कायमचें थांबलें कीं बांध फुटतात, वाफ्यांत खारफुटी उगवते आणि कोणता वाफा कोणी राखिला हें सांगणारी खूण उरत नाहीं. २०२० सालीं मेट्रोच्या कारशेडसाठीं कांजूर येथील जमीन निवडली गेली, तेव्हां ती राज्य सरकारची कीं केंद्राच्या मीठ खात्याची, असा वाद उपस्थित झाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें कामास स्थगिति दिली, व २०२२ सालीं ती कारशेड पुनः आरे येथें नेण्याचें ठरलें. वादांत कागद बोलले. पण भूमीवर घाम गाळणाऱ्यांची आठवण कागदांत क्वचितच असते. ती छपरींत असते, आणि छपरीला साक्ष देतां येत नाहीं.

म्हणून बागाईतदार व जिराईतदार बंधूंस एवढीच विनंति आहे. आपल्या रानांतील जुनी छपरी पाडण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस तेथें नेऊन बसवावें. ती कोणीं उभारली, लांकूड कोठून आणलें, खळें कोठें होतें, बांधाची जुनी खूण कोणती, हें विचारून वहींत लिहून ठेवावें. आढें व मेढी शाबूत असतील, तर एका उन्हाळ्यांत शाकारून अवजारें ठेवण्यास ती पुनः उपयोगीं पडेल. नसतील, तर निदान ती वही तरी घरांत राहील. पोटखराब्यास आकार नसतो. किंमत नसते असें मात्र नव्हे.