मुलाखत असो की लग्नकार्य, स्वतःचा मेकअप स्वतः करा नीटनेटका. ‘गोरं’ करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीमपासून मात्र सावधान!

गोंदिया : कॉलेजमधली कॅम्पस मुलाखत, खासगी बँकेतली नोकरी, दवाखान्याचा किंवा शोरूमचा काउंटर, शाळेतला पहिला दिवस... आता आपल्या तालुक्यांतल्या मुलीही अशा ठिकाणी मोठ्या संख्येने जात आहेत. दर वेळी पार्लरमध्ये जाणं खिशाला परवडत नाही, आणि सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून सकाळी सातची एसटी पकडायची असेल तर त्या वेळी पार्लर उघडंही नसतं. त्यामुळे स्वतःचा मेकअप स्वतः करता येणं ही कामाची गोष्ट आहे. ती अवघड नाही. वस्तू पाच-सहा लागतात आणि वेळ लागतो पंधरा मिनिटं. पण त्यात दोन गोष्टी बहुतेक वेळा चुकतात. एक म्हणजे फाउंडेशनची शेड, आणि दुसरी म्हणजे ‘गोरं दिसायचं’ हा हट्ट. पहिल्या चुकीने फार तर चेहरा भुरकट दिसतो, दुसरीने थेट किडनीवर बेतू शकतं.

स्टेजचा मेकअप वेगळा, ऑफिसचा वेगळा

झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाला मेकअप नवा नाही. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. त्यातल्या नट-नट्यांच्या भुवया जाड, ओठ गडद आणि गाल लालबुंद असतात. त्याला कारण आहे. समोर हजारो माणसं बसलेली असतात, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही चेहऱ्यावरचे भाव दिसले पाहिजेत, आणि फोकसच्या झगझगीत उजेडात साधा चेहरा फिका पडतो.

मुलाखत घेणारा माणूस मात्र टेबलाच्या पलीकडे, तीन-चार फुटांवर बसलेला असतो. तिथे स्टेजसारखा मेकअप डोळ्यात खुपतो. ‘हिने मेकअप केलाय’ असं समोरच्याला वाटण्याऐवजी ‘ही पोरगी नीटनेटकी, ताजीतवानी आहे’ असं वाटलं, की मेकअप जमला समजा.

तोंड पांढरं, मान सावळी : असं का होतं?

फाउंडेशनमध्ये रंग येतो तो मुख्यतः आयर्न ऑक्साइडच्या पिवळ्या, लाल, काळ्या पावडरींमुळे आणि टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीमुळे. शेड जितकी फिकी, तितकी त्यात पांढरी पावडर जास्त. सावळ्या त्वचेवर अशी फिकी शेड लावली की त्वचेचा रंग बदलत नाही, वर फक्त पांढरा थर बसतो. तो राखेसारखा भुरका दिसतो. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तर आणखीच पांढरा दिसतो.

म्हणून शेड निवडताना :

- मनगटावर लावून पाहू नका. तिथली त्वचा चेहऱ्यापेक्षा वेगळी असते. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे दोन-तीन शेडच्या बारीक रेघा ओढा.
- दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहा.
- लगेच घेऊ नका, दहा मिनिटं थांबा. बरेच फाउंडेशन लावल्यावर थोडे गडद होतात.
- जी रेघ त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती तुमची शेड. त्याहून एक पायरी फिकी घेण्याचा मोह टाळा.

पंधरा मिनिटांची पद्धत

१. चेहरा धुणे : साध्या पाण्याने आणि फेसवॉशने धुवा. कपडे धुण्याचा किंवा अंगाचा कडक साबण नको, त्याने त्वचा कोरडी पडते आणि वरचा मेकअप फुटल्यासारखा दिसतो.

२. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन : आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं सनस्क्रीन लागतं. त्यानंतर पाच-सात मिनिटं थांबा. या वेळात केस विंचरून घ्या. ओल्या थरावर फाउंडेशन लावलं तर त्याचे गोळे होतात.

३. डाग झाकणे : डोळ्यांखालचा काळेपणा किंवा मुरमाचा डाग असेल तिथेच कन्सीलरचा ठिपका द्या आणि बोटाने हलके थापा. घासू नका.

४. फाउंडेशन : वाटाण्याएवढंच घ्या. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि ओल्या करून पिळलेल्या स्पंजने आतून बाहेर थापत जा. जबड्याखाली थोडं उतरवा, नाहीतर मुखवटा लावल्यासारखी रेघ दिसते. त्वचा चांगली असेल तर ही पायरी सोडली तरी चालते.

५. कॉम्पॅक्ट : कपाळ, नाक आणि हनुवटी याच ठिकाणी जास्त तेल येतं, तिथेच पातळ लावा. पूर्ण चेहऱ्यावर थापला तर चेहरा मैदा लावल्यासारखा दिसतो.

६. भुवया, काजळ : भुवयांत जिथे केस विरळ तिथेच पेन्सिलच्या बारीक रेघा ओढा. काजळ पसरत असेल तर खालच्या पापणीखाली आधी थोडी पावडर लावा. काजळाची पेन्सिल मैत्रिणीलाही देऊ नका, डोळ्यांचा संसर्ग असाच पसरतो.

७. ओठ आणि गाल : विटकरी, फिका मरून किंवा गुलाबी-तपकिरी रंग सावळ्या आणि गव्हाळ चेहऱ्यावर शोभतात. तीच लिपस्टिक बोटावर घेऊन गालावर अगदी थोडी चोळली की वेगळ्या ब्लशची गरज नाही.

शेवटी आरसा घेऊन अंगणात या आणि उजेडात एकदा पाहा. घरातल्या बल्बखाली ठीक वाटलेली गोष्ट तिथे लगेच कळते.

ऊन, घाम आणि स्कार्फ

आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडलं की दहा मिनिटांत मेकअप उतरतो. त्यात गाडीवर जाताना तोंडाला स्कार्फ बांधलेला असतो. मग फाउंडेशन चेहऱ्यावर कमी आणि स्कार्फला जास्त लागतं. उपाय सोपा आहे. घरून सनस्क्रीन, काजळ आणि भुवया एवढंच करून निघा. पोहोचल्यावर रुमालाने घाम टिपा, पुसू नका, आणि मग कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक लावा. कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, रुमाल, छोटा आरसा एवढं पर्समध्ये असलं म्हणजे काम भागतं.

अकोल्याची गोष्ट विसरू नका

आता दुसरी, जास्त गंभीर बाब. अकोल्यातल्या एका कुटुंबात मुलगी, तिची बहीण आणि आई अशा तिघींना किडनीचा आजार झाल्याचं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांत आलं होतं. तिघीही स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरं करणारं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा मोठ्या प्रमाणात आढळला. त्याच वर्षी केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही अशा क्रीममुळे किडनी बिघडलेले रुग्ण समोर आले.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो. म्हणून सुरुवातीला चेहरा खरंच उजळ दिसतो आणि विश्वास बसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. किडनीची गाळणी बिघडली की लघवीवाटे प्रथिनं जाऊ लागतात. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पाय सुजणं ही त्याची लक्षणं. असं क्रीम लावत असाल आणि यापैकी काही दिसत असेल तर क्रीम बंद करा, डबी सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जाऊन लघवी-रक्ताची तपासणी करा. डबी फेकू नका, तपासाला तीच लागते.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे क्रीमसारख्या साधारण प्रसाधनांत मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला पाराही साधारण प्रसाधनात दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. मेडिकलमधून ‘गोरं व्हायची ट्यूब’ म्हणून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, उन्हात लाल होते, मुरूम आणि लव वाढते. अचानक बंद केल्यावर त्रास उसळतो, म्हणून तो सोडतानाही त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

डबी हातात घेतल्यावर काय पाहाल?

- उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता
- उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच नंबर
- कधीपर्यंत वापरायचं ती तारीख
- घटकांची यादी
- परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक

यातलं काहीच नसेल, नुसत्या पांढऱ्या डबीत ‘पार्लरचं स्पेशल क्रीम’ म्हणून कुणी देत असेल, किंवा ‘सात दिवसांत गोरं’ असा दावा असेल तर घेऊ नका. ओळखीच्या ताईने दिलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. तिलाही आत काय आहे ते माहीत नसतं. संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

नवी कोणतीही वस्तू आधी कानामागे लावून एक दिवस वाट पाहा. खाज, लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. रात्री झोपण्याआधी मेकअप पूर्ण उतरवा आणि स्पंज साबणाने धुऊन उन्हात वाळवा.

आईवडिलांसाठीही दोन शब्द

बऱ्याच घरांत ‘पाहायला पाहुणे येणार आहेत, जरा उजळ दिसली पाहिजे’ म्हणून अशी क्रीम आईच आणून देते. यात आईची माया असते, पण धोका पोरीच्या किडनीला असतो. १९७५ पासून बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नेही २०२० मध्ये आपल्या नावातून ‘फेअर’ शब्द काढला. घराघरांत मात्र तो अजून ठाण मांडून आहे. मुलाखतीत गुण मिळतात ते उत्तरांना आणि आत्मविश्वासाला. मेकअप करायचा नसेल तर धुतलेला चेहरा, विंचरलेले केस आणि इस्त्रीचे कपडे एवढंही पुरेसं आहे. करायचा असेल तर स्वतःच्या रंगाचा करा.