कॅमेऱ्याची रोजची पिशवी

नवा कॅमेरा घेऊ इच्छिणारा गृहस्थ महिनोन् महिने चौकशी करीत असतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा, भिंग कोणते बसवावे, किंमत किती पडेल, यावर तो चार जाणत्यांचे मत घेतो. पण तो कॅमेरा ज्या पिशवीतून फिरणार, तिचा विचार कोणी करीत नाही. दुकानदार जी पुढे करील ती, किंवा कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळेल ती पिशवी आपण घरी आणतो. पुढे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. पिशवी अवजड किंवा अडचणीची निघाली, तर कॅमेरा लग्नकार्य आणि सहल सोडून घराबाहेर पडेनासा होतो. आणि पिशवी दिसायला नीटस निघाली, तर कॅमेरा तिच्यातच घालून कपाटात ठेवण्याची सवय लागते. गोवा, कोकण किंवा बेळगावकडील पावसाळ्यात तो तसाच चार महिने राहिला, म्हणजे भिंगाला बुरशी धरते. पहिल्या प्रकारात पैसे अडकून पडतात, दुसऱ्यात बुडतात.

जुन्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तयार होणारा आग्फा क्लिक हा साधा कॅमेरा ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याचे चामड्याचे घर आठवत असेल. वरचे बटण काढले की पुढचा भाग खाली लोंबे, आणि कॅमेरा घरातून न काढताच फोटो घेता येई. एका फिल्मवर बारा फोटो निघत. सुटे भिंग नाही, विजेरी नाही, त्यामुळे निराळी पिशवी लागतच नसे. आजच्या कॅमेऱ्याबरोबर मात्र जादा बॅटरी, कार्ड, भिंग पुसण्याचे फडके आणि कधी दुसरे भिंग असा लहानसा संसार येतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, आपल्या रोजच्या फिरण्यात या संसाराबरोबर आणखी काय काय असते? कॅमेऱ्याची पिशवी आणि रोजची पिशवी अशा दोन पिशव्या खांद्याला लावून कामावर जाणारा माणूस मी अद्याप पाहिला नाही. आठवडाभर तो हौसेने दोन्ही नेतो. मग कॅमेऱ्याची घरी राहते. माझ्यासारख्या शिक्षकाच्या पिशवीत तपासायच्या वह्या असतात, जेवणाचा डबा असतो, पाण्याची बाटली आणि छत्री असते. कॅमेरा या मंडळींत सामावला, तरच तो रोज बाहेर पडेल. म्हणून घरातील मेजावर आपल्या एका साध्या दिवसाचे सर्व सामान मांडावे, त्यात कॅमेरा ठेवावा, आणि मग पिशवी शोधायला निघावे.

वजनाचा हिशेब याच वेळी करून टाकावा. कॅनन कंपनीचा आर-५० हा आजचा लहान कॅमेरा बॅटरी व कार्ड धरून ३७५ ग्रॅम भरतो, आणि त्याबरोबर मिळणारे १८ ते ४५ मिलिमीटरचे भिंग १३० ग्रॅमचे आहे. म्हणजे दोन्ही मिळून अर्धा किलो. त्याच कंपनीचा आरशाचा, थोडा जुन्या पद्धतीचा १५००-डी घेतला, तरी भिंगासकट पाऊण किलोच्या आतच राहतो. उलट एक लिटर पाण्याने भरलेली बाटली किलोहून जड! खांदा दुखतो तो पुष्कळदा कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर पिशवीचे स्वतःचे वजन आणि तिच्यातील इतर ऐवज यांमुळे. रिकामी पिशवीच दीड किलोची असेल, तर ती कितीही भक्कम असो, रोजच्या कामाची नाही.

आकाराच्या बाबतीत नवशिक्याला एक मोह हटकून पडतो. ‘पुढे मोठे भिंग घेणारच आहोत, तर आताच मोठी पिशवी घ्यावी.’ लहान मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तसा हा विचार आहे. पण कपडे नुसते ढगळ दिसतात, मोठी पिशवी मात्र भरली जाते. रिकाम्या कप्प्यात काहीतरी जाऊन बसतेच. आज जवळ आहे तेवढे, आणि वर एका लहान भिंगापुरती जागा, इतके पुरे. माप पाहताना बाहेरचे नव्हे, आतले पाहावे, आणि तेही भिंग लावलेल्या स्थितीतील कॅमेऱ्याचे. आर-५० ची नुसती पेटी सुमारे ११६ मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच आहे. भिंग लावताच तिचा आकार निराळा होतो. भिंग काढून, दोन्हीकडे झाकणे लावून, दोन कप्प्यांत निरनिराळे ठेवावे लागत असेल, तर फोटो घेण्याचा प्रसंग तुमची जुळवाजुळव होईपर्यंत थांबत नाही. रस्त्यावर भिंग वारंवार काढल्याने आत धूळ जाते, ते वेगळेच.

पिशव्यांचे प्रकार बाजारात अनेक दिसतात. पण नवशिक्याने चारांचा विचार केला तरी चालेल. एक केवळ भिंगासह कॅमेरा मावेल एवढी, वरून उघडणारी निमुळती पिशवी. ती झटपट आणि सुटसुटीत, पण डबा-छत्रीला दुसरी पिशवी लागते. दुसरी खांद्यावरची. तिसरी पाठीवर तिरकी घेऊन पुढे सरकवता येणारी. चौथी दोन पट्ट्यांची पाठपिशवी. पाठपिशवीत ओझे दोन्ही खांद्यांवर वाटले जाते, यात शंका नाही. दुचाकीवरून जाणाऱ्याला तीच बरी. परंतु कॅमेरा काढायचा म्हणजे ती खाली उतरवावी लागते, आणि गर्दीत मागे कोणी चेन उघडली तर कळत नाही. बेळगावची गणेश विसर्जनाची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते; अशा गर्दीत पिशवी पोटाशी असलेली बरी. माझ्या मते एकूण ओझे दोन-अडीच किलोंच्या आत असेल, तर खांद्यावरची पिशवी, पट्टा मानेवरून तिरका घेऊन, रोजच्या वापराला सर्वांत सोयीची. त्याहून जास्त भरत असेल तर हट्ट सोडून पाठपिशवी घ्यावी. पट्टा मात्र चार-पाच सेंटिमीटर रुंद हवा. अरुंद पट्टा अर्ध्या तासात खांद्यात रुतू लागतो.

याखेरीज एक पाचवी तोड आहे, आणि नवशिक्याला मी प्रथम तीच सुचवीन. कॅमेऱ्यासाठी गादीचे, आत पडदे असलेले सुटे खण मिळतात. असा खण आपल्या नेहमीच्या पिशवीत, फार काय शबनम पिशवीतही, बसविता येतो. सुट्टीच्या दिवशी तोच काढून दुसऱ्या पिशवीत घालावा. खर्च थोडा, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत कॅमेरा आहे याची गंधवार्ता नाही. कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरविणारी पिशवी चोराला आतील मालाची पावतीच दाखवते. पिशव्या शिवणारा चांगला कारागीर ओळखीचा असेल, तर असा खण माप देऊन शिवूनही घेता येतो.

कॅमेऱ्याच्या पिशव्यांच्या इतिहासातही याला पुष्टी देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. इंग्लंडमधील बिलिंगहॅम ही आज नावाजलेली कंपनी १९७३ साली निघाली, ती मासे पकडण्याचा छंद असणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत असे. त्या दशकाच्या अखेरीस तिच्या ध्यानात आले की, न्यूयॉर्कमधील फोटोग्राफर या पिशव्या घेऊन त्यांत कॅमेरे ठेवीत आहेत. दुसरी गोष्ट अमेरिकेतील फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे फोटोग्राफर जिम डॉमके यांची. बातमीमागे धावताना बाजारातील जड, ताठ पेट्या उपयोगी पडेनात, म्हणून त्यांनी याच दशकात कॅनव्हासची एक मऊ पिशवी स्वतःच आखली. तिच्यात गादी थोडी आणि हात सहज आत जाण्याची सोय मोठी. कंबरेला चिकटून बसणारी ही पिशवी पुढे वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांत इतकी रूढ झाली की तिचा धंदाच उभा राहिला. दोन्ही पिशव्यांना लोकांनी पसंती दिली, ती त्या वापरणाऱ्याच्या हाताला सोयीच्या होत्या म्हणून.

तेव्हा दुकानात जाताना कॅमेरा बरोबर न्यावा. नुसती पिशवी पाहून घेणे म्हणजे पाय घरी ठेवून जोडा घेण्यासारखे आहे. कॅमेरा आत घालावा, पिशवी बंद करून खांद्याला लावावी, आणि समोर पाहत, एका हाताने कॅमेरा बाहेर काढावा. हे दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही, तर ती पिशवी परत द्यावी. झाकण अंगाच्या विरुद्ध बाजूला उघडणारे असेल, तर हात सरळ आत जातो; अंगाकडे उघडणारे झाकण मनगटाला अडते. चेनचे धातूचे दात तोंडाशी उघडे असतील, तर ते कॅमेऱ्याला घासतात. मग पिशवीचा तळ अंगठ्याने दाबून पाहावा. पिशवी दिवसातून वीस वेळा जमिनीवर टेकते आणि धक्का तळाला बसतो. पण पुष्कळ स्वस्त पिशव्यांत बाजूंना जाड फोम आणि तळाला नुसता पुठ्ठा असतो. झाकण चिकटपट्टीचे असेल, तर ते उघडताना होणारा आवाज दुकानाच्या गलबल्यात जाणवत नाही. कीर्तनात, नाटकात किंवा चर्चमधील शांत क्षणी तो फर्रर् आवाज झाला की साऱ्या माना तुमच्याकडे वळतात.

कापडाच्या चिठ्ठीवर ‘६०० डेनियर’, ‘१००० डेनियर’ असे आकडे दिसतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या पिशवीला मध्यम जाडी चालते. अधिक महत्त्वाचे असते ते कापडाच्या आतील बाजूचे पाणी अडविणारे लेपन. हे लेपन पॉलियुरेथेनचे असेल, तर दमट हवेत काही वर्षांनी ते चिकट होते व पापुद्रे सुटू लागतात. समुद्रकाठच्या लोकांनी जुनी पिशवी विकत घेताना आत बोट फिरवून हे आधी पाहावे. आणि ‘पाण्याला दाद न देणारी’ असे दुकानदार म्हणाला, तरी शिवण व चेन यांतून पाणी शिरते हे विसरू नये. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २४ जूनच्या सांजावाला लोक विहिरींत आणि ओढ्यांत उड्या घेतात, तेव्हा पाणी वरूनच नव्हे, चहूंकडून येते. पावसाची खोळ पिशवीबरोबर मिळत असेल तर उत्तम. नाहीतर दुधाची जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन, कोरडी करून कप्प्यात ठेवावी, कॅमेरा तीत गुंडाळता येतो. शिगम्याच्या गुलालालाही हाच उपाय. इंदूर-ग्वाल्हेरकडील श्रोत्यांना पावसापेक्षा उन्हाळ्यातील धुळीचा जाच अधिक. त्यांनी उघड्या तोंडाच्या पिशवीपेक्षा पूर्ण चेनची पिशवी पसंत करावी, आणि ती उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, कारण बॅटरीला ती उष्णता सोसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिशवी ही कॅमेरा नेण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नव्हे. फोमची गादी हवेतील ओल शोषून धरते. आत अंधार असतो, वारा खेळत नाही, आणि बोटांचा तेलकटपणा व धूळ भिंगावर असतेच. हवेतील आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांवर राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. आमच्या एका सहकाऱ्यांनी मे महिन्यातील सहलीनंतर कॅमेरा पिशवीसकट लाकडी कपाटात ठेवला होता. गणपतीत काढून पाहतात तो भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. ते आत असल्यामुळे पुसता येत नाहीत. भिंग उघडून साफ करावे लागते. उशीर झाला असेल तर बुरशीतून निघणाऱ्या आम्लाने काचेवरील लेपन खाल्ले जाते, आणि तो डाग कायमचा राहतो.

घरी परतल्यावर म्हणून कॅमेरा पिशवीतून काढावा. विजेवर चालणारे कोरडे कपाट मिळते. त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवता येते. तेवढा खर्च नको असेल, तर स्वयंपाकघरात वापरतात तसा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. नारिंगी सिलिका जेल ओल शोषल्यावर हिरवट होते, निळे असेल ते गुलाबी. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन तास तापवावेत, ते पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा घरगुती उपाय कोणी सांगितला तर मानू नये, कारण तांदळाची पूड भिंगाच्या फटीत शिरते. कपड्यांतील डांबरगोळ्याही त्याच्याजवळ नकोत.

एका प्रसंगी मात्र कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत आलात, तर थंड भिंगावर लगेच वाफ धरते. अशा वेळी पिशवी बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा. गादीमुळे आतील कॅमेरा हळूहळू बाहेरच्या उष्णतेला येतो, आणि पाणी भिंगाऐवजी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते.

विमानाने जाणाऱ्यांनी जादा बॅटऱ्या सामानात न देता जवळच्या पिशवीत ठेवाव्यात, तसा नियमच आहे. त्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. आणि रिकाम्या पिशवीचे काय करावे? तिचे पडदे काढावेत, चेन पूर्ण उघडावी, आणि ती वाऱ्यावर उलटी टांगावी. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी तासभर अंगणात ठेवावी, आणि हात घालून तळ कोरडा लागला, तरच दुसऱ्या दिवशी कॅमेरा तिच्यात घालावा.