‘होईल’ म्हणणारे घर

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढले. दुकानामागच्या दोन खोल्यांत वर्षे काढलेल्या व्यापारी कुटुंबांना आता बिल्डरच्या एकसारख्या घरांच्या रांगेत स्वतःचे दार हवे असते.

त्या रांगेचा नकाशा मात्र सर्वांसाठी एकच असतो. पाणी गाळून जीवाणी जपणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घराला स्वयंपाकघरात भरपूर उजेड लागतो. देवघराची भिंत शौचालयाला लागून चालत नाही. बिल्डर म्हणतो, ‘होईल, शेठ.’ शब्दावर लाखांचा माल उधार देणारा माणूस त्या ‘होईल’वर टोकन मोजून येतो, आणि ताबा घेताना भिंत जिथल्या तिथे उभी असते.

२०१६च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. फेरबदल मागण्याची खरी वेळ हीच. ते नकाशासह करारात उतरवून घ्यावेत. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा दोष दिसल्यास लेखी कळवावे. ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. भूखंड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा असल्यास उरलेली मुदतही सहीपूर्वीच पाहावी.