ऑनलाइन खेळातला नावबदल : सोय कोणाची, पळवाट कोणाची?

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात शिरताना खेळाडूला आधी स्वतःचे पात्र घडवावे लागते. योद्धा की जादूगार, चेहरा कसा आणि नाव काय. पुढे वर्षानुवर्षे त्याच नावाने मैत्री होते, व्यवहार होतात, भांडणेही होतात. मग कधीतरी ते नाव नकोसे होते. कंपनीने ते बदलू द्यावे का?

बीजीएमआय खेळणाऱ्या आपल्या तरुणांना हा प्रश्नच वाटणार नाही. रिनेम कार्ड वापरले की काम झाले. पण तिथला सामना अर्ध्या तासात संपतो आणि समोरचे खेळाडू पुन्हा भेटतीलच असे नाही. रोल-प्लेइंग खेळात मात्र एकाच सर्व्हरवर तीच माणसे रोज समोर येतात. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना ४० खेळाडू जमावे लागत. शेवटी हाती लागणाऱ्या मौल्यवान वस्तू मोजक्याच. त्या कोणाला द्यायच्या, हे सगळे भरवशावर चाले. ठरलेले मोडून वस्तू लंपास करणाऱ्याला तिथे ‘निंजा’ म्हणतात. त्याचे नाव सर्व्हरभर होते आणि पुढच्या मोहिमेत त्याला कोणी घेत नाही. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. गावात उधारी बुडवणाऱ्याला दुसरा दुकानदारही दारात उभा करत नाही, तसेच हे.

त्यामुळे २००७ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने अमेरिकेत १० डॉलर घेऊन पात्राचे नाव बदलण्याची सोय दिली, तेव्हा घेतला जाणारा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पैसे भरा आणि बदनामी धुऊन टाका, असाच त्याचा अर्थ होऊ शकत होता.

२००३ पासून चालू असलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ दुसऱ्या टोकाला आहे. अवकाशातला व्यापार आणि युद्ध असा त्याचा विषय. दुसऱ्या खेळाडूला फसवणे हाही तिथे खेळाचाच भाग मानलेला आहे. म्हणून नाव पक्के. आक्षेपार्ह असेल तर कंपनी ते बदलायला लावते, एरवी नाही. ते पात्र कोणकोणत्या कॉर्पोरेशनमध्ये होते, याची यादीही कोणालाही पाहता येते. हे चोख वाटते. पण त्याच खेळात पात्र दुसऱ्या खेळाडूला विकण्याची अधिकृत सोय आहे. म्हणजे नाव तेच राहते आणि मागचा माणूस बदलतो! नाव गोठवले की जबाबदारी आपोआप येते, या समजुतीला इथेच तडा जातो.

नाव बदलणारा प्रत्येक जण काहीतरी लपवतो आहे, हे गृहीतकच आम्हाला मान्य नाही. मुलगी आहे हे नावावरून ओळखून मागे लागलेल्या टोळक्यापासून सुटायचे असते. एखादी पारलिंगी व्यक्ती जुन्या नावाने रोज हाक ऐकून थकलेली असते. तेराव्या वर्षी गमतीने ठेवलेले नाव तिशीत लाजवते. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. अनेक मुले खेळात थेट स्वतःचे नाव-आडनाव टाकतात. महाराष्ट्रात आडनावावरून जात हुंगणारे कमी नाहीत आणि माइक चालू असताना त्यांच्या तोंडून काय बाहेर पडते, ते वेगळे सांगायला नको. अशा मुलाला ‘नाव बदलता येणार नाही’ म्हणणे म्हणजे वर्षभराची मेहनत टाकून शून्यापासून सुरू कर, असे सांगणे.

खरे नाव उघडे केले की लोक सभ्य वागतील, हा प्रयोगही होता होता राहिला. जुलै २०१० मध्ये ब्लिझार्डने जाहीर केले, की आपल्या चर्चामंचावर लिहिणाऱ्यांचे खरे नाव-आडनाव दिसेल. भरवसा द्यायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले, तर लोकांनी थोड्याच वेळात त्याची खासगी माहिती शोधून काढून पसरवली. खेळाडू इतके खवळले, की तीन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला.

तेव्हा खरा मुद्दा आहे तो नावाच्या मागे काय बांधलेले आहे हा. खेळाच्या यंत्रणेत प्रत्येक खात्याला एक न बदलणारा क्रमांक देता येतो. मित्रयादी आणि ब्लॉकयादी त्या क्रमांकाशी जोडली, तर वर दिसणारे नाव कितीही वेळा बदलो, ब्लॉक केलेला माणूस ब्लॉकच राहतो. यादी नुसत्या नावाशी जोडली असेल, तर त्रास देणारा नवे नाव घेऊन पुन्हा दारात हजर. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये पात्राच्या नावाखेरीज खात्याचे वेगळे नाव असते, त्यापुढे चार आकडे असतात आणि मित्रयादी त्यावर चालते. पात्राचे नाव तिथे पैसे देऊन बदलता येते, माणूस हरवत नाही.

‘रूनस्केप’मध्ये सभासदांना २८ दिवसांतून एकदा नाव बदलता येते आणि ज्यांच्या मित्रयादीत तुम्ही आहात त्यांना तुमचे आधीचे नाव दिसते. ऐकायला छान. पण तिथे कोणालाही मित्रयादीत घालायला समोरच्याची परवानगी लागत नाही. म्हणजे पाठलाग करणाऱ्यालाही नवे नाव आयते कळते. आपल्या राजपत्रात नावबदल छापतात तेव्हा जुने आणि नवे नाव शेजारी-शेजारी असते. कर्ज, मालमत्ता, परीक्षेची प्रमाणपत्रे यांसाठी ते गरजेचेही आहे. खेळात ती गरज नाही. जुन्या नावाची साखळी कंपनीच्या दप्तरी असावी, तक्रार आली की तपासली जावी, आणि चारचौघांत ती खेळाडूच्या मर्जीशिवाय उघडू नये, असे आमचे मत आहे. दोन बदलांमध्ये काही दिवसांचे अंतर असावे. सोडलेले नाव लगेच दुसऱ्याला देऊ नये, नाहीतर तुमच्या नावाने तुमच्याच मित्रांना कोणी गंडवेल. शुल्काबद्दल म्हणाल, तर ज्याच्याकडे पैसे त्याचीच सुटका, हे बरोबर नाही. छळाची तक्रार खरी ठरली तर बदल मोफत हवा.

तोवर त्रास झाला तर नुसते ब्लॉक करून थांबू नका. समोरच्याचे त्या वेळचे नाव, सर्व्हर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि तक्रारीसोबत जोडा. त्याने दुसऱ्या दिवशी नाव बदलले, तरी त्या वेळी ते नाव कोणत्या खात्याचे होते, हे शोधण्याचे काम मग कंपनीचे.